वहीतला ‘राहिलं’चा रकाना: गेलेल्या सरांवर फिल्म करताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता. तुम्हाला माहितीपट शिकवणारे सर दोन महिन्यांपूर्वी गेले. पहिल्या स्मृतिदिनाला ठाण्यात कार्यक्रम करायचा आणि त्यात वीस मिनिटांची फिल्म दाखवायची, असं तुम्ही चार विद्यार्थ्यांनी ठरवलंय. अकरा जणांच्या मुलाखती झाल्या, पण सगळे तेच सांगतात: साधे होते, शिस्तीचे होते, माणूस म्हणून फार मोठे होते. सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, टेपांचे दोन खोके दिलेत, ते अजून तसेच बांधलेले आहेत. एडिटला बसलं की रडू येतं आणि उठावं लागतं. ‘सुरुवात कुठून करू?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि २४ वर्षं माहितीपटांचं संकलन करते आहे. नऊ वर्षांपूर्वी माझे सर गेले तेव्हा हेच काम माझ्यावर आलं होतं. पहिल्यांदा मी ते चुकीचं केलं, दुसऱ्यांदा बरं जमलं. दोन्ही वेळी जे समजलं ते सांगते.

मला तुमची अडचण मुलाखतींची वाटत नाही. ज्या माणसाने जन्मभर कॅमेऱ्यामागे उभं राहून दुसऱ्यांना बोलतं केलं, त्याला तुम्ही कॅमेऱ्यापुढे बसलेल्या लोकांच्या बोलण्यात शोधताय. तिथे ते फारसे सापडत नाहीत. प्रेम करणाऱ्या माणसांना लगेच विचारलं की विशेषणंच हाती लागतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. सर सापडतील ते त्या दोन खोक्यांत, त्यातही पूर्ण झालेल्या फिल्ममध्ये कमी आणि कापून बाजूला ठेवलेल्या फुटेजमध्ये जास्त. म्हणून माझं पहिलं सांगणं: मुलाखती थांबवा आणि खोके उघडा.

याला आणखी एक कारण आहे. मुलाखती पुढच्या महिन्यातही घेता येतील, टेपा मात्र थांबणार नाहीत. आमचे सर प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी सावेदादांची गोष्ट सांगायचे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपल्या मुंबईतले फोटोग्राफर. परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले रँग्लर परांजपे तिथून परत आले, त्यांच्या स्वागताचं चित्रीकरणही सावेदादांनीच केलं. फाळके कथापट करण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने वास्तव चित्रित केलं होतं. एवढं सांगून सर विचारायचे, ‘यातलं काय बघायला मिळतं आज?’ वर्ग गप्प. मग ते फळ्याकडे वळायचे आणि दिवसाचा धडा सुरू व्हायचा. त्या प्रश्नाचा खरा अर्थ मला कळला तो त्यांच्याच कपाटासमोर उभी राहिल्यावर.

आता खोक्यांचं. आत काय आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट असेल तर मिनी-डीव्ही. आत पाव इंचाची टेप असते आणि सहसा ६० मिनिटं. तुमचे सर २००० च्या आसपास काम करत असतील तर बहुतेक त्याच निघतील. जाडजूड, पुस्तकाएवढी आणि पाऊण इंच टेपची असेल तर यू-मॅटिक; अर्ध्या इंचाची बेटाकॅम किंवा व्हीएचएस. व्हीएचएस आणि मिनी-डीव्ही घरच्या घरी कॉम्प्युटरवर उतरवता येते. यू-मॅटिक आणि बेटाकॅमला व्यावसायिक डेक, म्हणजे टेप चालवणारं मशीन, लागतो, ते बाहेरूनच करून घ्यावं लागेल. १६ एमएमचे डबे निघाले आणि झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा आणि प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नका. फिल्मचा अॅसिटेट पाया विघटित होऊ लागला की तो वास येतो, आणि त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं.

आपल्याकडे टेपेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. ठाणे-नवी मुंबईत खाडी इतकी जवळ आहे की जून ते सप्टेंबर घरातल्या पापडाची जी गत होते तीच टेपेची होते. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून उजेडात बघा. टेपेच्या गुंडाळीवर पांढरे तंतू किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. एका बुरशीच्या कॅसेटने मशीनमधलं टेप वाचणारं हेड खराब होतं आणि नंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला ती लागते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत ठेवा, त्या जाणकाराकडूनच साफ करून घ्यायच्या. बाकीच्या कॅसेटी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत राहू द्या, मिनी-डीव्हीवरची लाल टॅब सरकवून त्यावर पुन्हा रेकॉर्ड होणार नाही याची खात्री करा, मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली टेप त्याने मोकळी होते.

मिनी-डीव्ही उतरवायची तर फायरवायर केबलनेच उतरवा. मशीनला पिवळी-लाल-पांढरी केबल लावून कुणी ‘हे पण चालतं’ म्हणेल. चालतं, पण तसं केलं की डिजिटल चित्र आधी अॅनालॉग होतं आणि मग परत डिजिटल, त्यात ते मऊ पडतं. फायरवायरने टेपेवरचा डेटा जसाच्या तसा येतो. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, एखादा जुना शोधावा लागेल. एका तासाच्या टेपेला साधारण १३ जीबी जागा लागते. ४० टेपा असतील तर ५२० जीबी. म्हणजे १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हीवर तेच ठेवा, आणि दोन्ही एका घरात ठेवू नका. एक काकूंकडे, एक तुमच्याकडे.

बाहेर देणार असाल तर एकदम सगळ्या देऊ नका. आमच्या वेळी एका ठिकाणी सहा टेपा विश्वासाने दिल्या. पाच परत आल्या आणि सहावीच्या डब्यात दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची कॅसेट निघाली. ती सहावी आजवर मिळालेली नाही. त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बंद झालेल्या एका कारखान्याच्या गेटवरच्या मुलाखती होत्या, एवढं सरांच्या वहीमुळे माहीत आहे. दोन-दोन द्या, नंबर टाकून द्या, पावती घ्या.

या कामाला घाईचा मार्ग नाही. एक तासाची टेप उतरायला एकच तास लागतो, वेगाने करता येत नाही. मध्ये टाइमकोड, म्हणजे टेपेवरची वेळेची सलग नोंद, तुटला की उतरवणं थांबतं, म्हणून शेजारी बसून राहावं लागतं. आमच्याकडे ३८ टेपा निघाल्या. मी ३८ तास बसले. रात्री जेवण झाल्यावर रोज एक, कधी दोन. तुम्हीही कानाला हेडफोन लावून बसा, आणि हे काम चौघांनी वाटून घेतलं तरी टेप चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. माझ्या मते तुमची खरी फिल्म याच बसण्यात तयार होणार आहे. का, ते सांगण्यासाठी मला माझ्या पहिल्या चुकीकडे जावं लागेल.

सर गेल्यावर पंधरा दिवसांत शोकसभा होती. मी अठरा मिनिटांची फिल्म केली. जुने फोटो, मागे संतूर, नऊ जणांच्या मुलाखती, शेवटी सर पाठमोरे चालत जाताना. सभागृहात लोक रडले. मलाही वाटलं, झालं, जमलं. कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या रांगेतून एक मावशी पुढे आल्या. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातल्या. १९९९ ते २००३ च्या दरम्यान सरांनी त्या पट्ट्यात बरंच चित्रीकरण केलं होतं, त्या फिल्ममधल्या त्या एक. बेलापूरहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला आल्या होत्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘पोरी, मास्तर कुठं बोललं नाय यात?’

खरंच नव्हते बोलले. अठरा मिनिटांत सरांचा आवाज एकदाही नव्हता. मी तो शोधलाच नव्हता, कारण सरांची मुलाखत कुणी घेतलेलीच नाही असं मी धरून चालले होते. आणि त्यांच्या प्रत्येक फिल्ममधून त्यांचा आवाज मी स्वतःच कापला होता, त्यांच्याच सांगण्यावरून. प्रश्न कापायचा, उत्तर ठेवायचं, हा संकलनातला पहिला धडा. इतक्या वर्षांचा त्यांचा आवाज रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ फुटेजमध्ये, पडून होता आणि मी संतूर लावला होता.

त्यानंतर मी टेपा उतरवायला बसले. तेव्हा जे ऐकलं ते आजही कानात आहे. सर प्रश्न कसा विचारायचे, किती वेळ गप्प राहायचे. एका मिठागरातल्या म्हाताऱ्या कामगाराला विचारलंय, ‘तुमचं आगर कुठे होतं?’ माणूस बोट दाखवतो, तिथे आता इमारती आहेत. मग सव्वा मिनिट कुणीच बोलत नाही. फिल्ममध्ये मी ते सात सेकंदांवर आणलं होतं. रशेसमध्ये कळतं की ते सव्वा मिनिट सरांनी मुद्दाम थांबून दिलं होतं, आणि त्यानंतरच तो माणूस १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आल्यावर घरात पहिली नोटीस कुणी वाचून दाखवली ते सांगू लागला.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक टेपेच्या शेवटी होती. मुलाखतीच्या वेळी आवाजासाठी पंखा बंद करतात, तुम्हाला माहीतच आहे. कोळीवाड्यातली मे महिन्यातली बंद खोली, पत्र्याचं छप्पर. मुलाखत संपते, कॅमेरा अजून चालू असतो, आणि मागून सरांचा आवाज येतो: ‘पंखा लावा आधी. त्यांना उकडतंय.’ कधी ‘मावशींना पाणी द्या’. पण पंखा प्रत्येक वेळी. मी मोजले, ३८ पैकी २३ टेपांत. ‘माणूस म्हणून मोठे होते’ हे वाक्य जे नऊ जण मिळून मला सांगू शकले नव्हते, ते या तेवीस छोट्या तुकड्यांत होतं. माझ्या दुसऱ्या फिल्मची सुरुवात मी या तुकड्यांनीच केली. काळा पडदा, आणि एकामागून एक पंखे सुरू होण्याचा आवाज.

तुमच्या सरांच्या टेपेत पंखा नसेल, दुसरं काहीतरी असेल. कॅमेरामनला दिलेली सूचना, विषय भरकटू देणं, कुणाच्या पोराला मांडीवर घेणं. ते काय आहे हे मी सांगू शकत नाही. ते तासन् तास ऐकल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही. ऐकताना शेजारी वही ठेवा आणि सरांचा आवाज जिथे जिथे येईल तिथला टाइमकोड लिहा, वाक्य निरर्थक वाटलं तरी.

वहीवरून आठवलं. खोक्यात कागद, डायऱ्या, बिलं काहीही असलं तरी फेकू नका. काकूंना विचारा, सर नोंदी कुठे ठेवायचे. आमचे सर लांब, कडक पुठ्ठ्याची हिशेबाची वही वापरायचे. हाताने आखलेले रकाने: टेप क्रमांक, वेळ, कोण, काय बोलले. आणि शेवटचा एक अरुंद रकाना, त्याला नाव ‘राहिलं’. जे विचारायचं राहून गेलं ते तिथे. ‘शेजारणीला विचारायचं राहिलं.’ ‘जाळ्याची किंमत कोण ठरवतं?’ ‘भरतीची वेळ चुकली, पुन्हा यावं लागेल.’ १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले; तिथे हजर असलेल्या एका गृहस्थांची मुलाखत आहे, आणि त्यापुढे रकान्यात एवढंच: ‘त्या रात्री घरी कसे परत गेले?’ बातमीदाराला हा प्रश्न पडणार नाही. सरांना पडायचा.

एका पानावर माझ्याबद्दल होतं. एका फिल्ममधला चार मिनिटांचा प्रसंग काढू नका म्हणून मी त्यांच्याशी भांडले होते, त्यांनी काढायला लावला होता. ‘राहिलं’ या रकान्यात लिहिलंय: ‘संकलक म्हणत होती ते बरोबर. ठेवायला हवा होता.’ तारीख फिल्म पूर्ण झाल्यानंतर दोन वर्षांची आहे. मला हे ते कधी बोलले नाहीत.

हे सांगण्याचं कारण, तुमच्या अकरा मुलाखतींत एकही मतभेद नाही असं तुम्ही लिहिलंय. तुमचे सर कुणावर रागावले नसतील का? चुकले नसतील? आमचे सर तापट होते. सेटवर एकदा माझ्यावर इतके ओरडले की मी ठाणे स्टेशनपर्यंत चालत निघून आले. फिल्ममध्ये अशी एक तरी गोष्ट असावी, आणि ती त्यांच्यावर जीव असलेल्या माणसाच्या तोंडून यावी. त्याने आदर कमी होत नाही, उलट बघणाऱ्याला खरा माणूस दिसू लागतो. मात्र हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वर्ष पूर्ण व्हायच्या आत घरच्यांच्या मनाची तयारी नसेल तर आग्रह धरू नका. काकूंना एडिट आधी दाखवा, घरी, एकट्यांना, सभागृहात पहिल्यांदा नको.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तुम्ही रशेस वापरणार असाल तर हा टाळता येणार नाही. कापलेल्या फुटेजमध्ये अशाही गोष्टी असतात ज्या दाखवायच्या नव्हत्या म्हणूनच कापल्या होत्या. आमच्या एकोणिसाव्या टेपेत एक बाई नवऱ्याबद्दल काहीतरी सांगतात, मग थांबून म्हणतात, ‘हे नका घालू हां.’ सर म्हणतात, ‘नाही घालणार.’ फिल्मच्या दृष्टीने तो तुकडा अप्रतिम आहे. सरांचा विश्वास, त्यांची नजर, सगळं त्यात आहे. मी दोन दिवस विचार केला आणि वापरला नाही. सरांनी दिलेला शब्द त्यांच्याबरोबर संपत नाही, खोक्यांसोबत तो माझ्याकडे आला होता. अशा जागा तुमच्या वहीत लाल पेनाने लिहून ठेवा. ती व्यक्ती हयात असेल तर जाऊन विचारता येईल. नसेल तर सोडून द्या.

परवानगीचा दुसरा भाग कायद्याचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो, दिग्दर्शक असेलच असं नाही, आणि फिल्म प्रकाशित झाल्यापासून हा हक्क ६० वर्षं चालतो. म्हणजे तुमच्या सरांनी एखाद्या संस्थेसाठी फिल्म केली असेल तर ती संस्थेची आहे, काकूंची नाही. स्वतःच्या पैशाने केलेल्या असतील तर हक्क वारसांकडे. संस्थांना साधं पत्र लिहा. स्मरणाच्या कार्यक्रमासाठी दोन मिनिटांचा भाग हवाय म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात. काकूंकडूनही एका कागदावर लेखी घ्या. आज नात्यात सगळं गोड असतं, पाच वर्षांनी घरातलं दुसरं कुणी विचारू शकतं. सरांनी कधी फिल्म्स डिव्हिजनसाठी काम केलं असेल तर तिथेही चौकशी करा. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी ज्यांचे माहितीपट लागायचे, तीच १९४८ ची संस्था. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ चं, तेही आता एनएफडीसीतच आहे. तुमच्याकडे १६ एमएमची मूळ निगेटिव्ह किंवा प्रिंट निघाली तर ती घरात न ठेवता पुण्याला विचारा. तापमान आणि आर्द्रता सांभाळणं आपल्या फ्लॅटमध्ये होत नाही.

तुम्ही रडू येतं असं लिहिलंय, त्याबद्दल. दोन महिनेच झालेत, येणारच. मला एका गोष्टीचा उपयोग झाला. एडिट सॉफ्टवेअर उघडायचं नाही, फक्त टेप उतरवायची आणि नोंद करायची. नोंद करणं हे हाताचं काम आहे. त्यात निर्णय घ्यायचा नसतो, माणूस गेला हे स्वीकारून त्याला वीस मिनिटांत बसवायचं नसतं. दुसऱ्या फिल्मच्या वेळी मी पहिले दोन महिने एकही कट केला नाही. रडू आलं तर टेप चालूच राहू द्यायची, वाक्य लिहायचं. तुमच्याकडे दहा महिने आहेत. त्यातले चार यालाच द्या.

मुलाखती पुन्हा कराल तेव्हा दोन बदल करा. पहिला म्हणजे माणसं. सहकारी, विद्यार्थी, समीक्षक यांच्या आधी सरांनी ज्यांचं चित्रीकरण केलं त्या लोकांकडे जा. लॅपटॉपवर त्यांचंच जुनं फुटेज घेऊन जा. दिवाळे गावात आम्ही ओट्यावर लॅपटॉप ठेवला तेव्हा अर्ध्या तासात तीस माणसं जमली. फुटेजमध्ये खाडीच्या पाण्यात उतरलेला एक तरुण दिसला, तो पुढे वारला होता. त्याच्या बहिणीने तो भाग चार वेळा लावायला सांगितला. तिला त्याची प्रत दिली. गावात ज्यांचं ज्यांचं होतं त्या सगळ्यांना पेन ड्राइव्हवर दिलं. सर असते तर हेच आधी केलं असतं.

दुसरा बदल म्हणजे प्रश्न. ‘सर कसे होते?’ विचारलं की विशेषणं येतात. त्याऐवजी असं विचारा: सरांनी तुम्हाला शेवटचं काय पुन्हा करायला लावलं? शूटिंगच्या दिवशी सकाळी काय खायचे? तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा कुठे बसले? कशावर भांडण झालं? लोक आधी गोंधळतील, मग हात हलवून दाखवू लागतील, उठून ती जागा दाखवतील. तेव्हा कॅमेरा त्यांच्या मागे जाऊ द्या. आणि ‘झालं’ म्हटल्यावर लगेच बंद करू नका. निम्म्या चांगल्या गोष्टी माईक काढताना बोलल्या जातात.

आतापर्यंतचा क्रम एकदा: खोके, बुरशीची छाननी, उतरवणं आणि दोन प्रती, ऐकत नोंद, सरांच्या आवाजाच्या जागा, लाल पेनाच्या जागा, मग फुटेज घेऊन लोकांकडे, आणि शेवटी टाइमलाइनवर संकलन. सध्याच्या अकरा मुलाखतींतलं बहुधा दीड-दोन मिनिटं उरेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आणि त्या अकरा जणांना तसं आधीच प्रेमाने सांगा.

लांबीबद्दल माझं मत: वीसऐवजी चौदा मिनिटं करा. कार्यक्रमात भाषणं असतील, वयस्कर मंडळी असतील. संगीत घालायचं का? तुमचे सर स्वतःच्या फिल्ममध्ये वापरत असतील तर त्यांच्याच फिल्ममधलं, नाहीतर नको. हॉलसाठी गडकरी रंगायतनचं स्वप्न सोडा. साठ-सत्तर माणसं त्या एवढ्या मोठ्या जागेत विखुरली की सभा रिकामी वाटते. घंटाळी-नौपाडा भागात छोटे हॉल आहेत. दिवसा कार्यक्रम असेल तर खिडक्यांना काळे पडदे आहेत का ते बघा, आणि स्पीकर आदल्या दिवशी तुमच्याच फिल्मवर तपासा. भाषणाच्या माईकसाठी लावलेल्या स्पीकरवर रशेसमधला कॅमेऱ्यामागचा हलका आवाज ऐकू येत नाही, आणि तुमची फिल्म तर त्याच आवाजावर उभी असणार.

दुसरी फिल्म आम्ही पहिल्या स्मृतिदिनाला दाखवली. तिच्यासाठी मी ‘राहिलं’च्या रकान्यातले सात प्रश्न निवडले आणि ते विचारायला गेले. चौघे वारले होते. तिघं भेटली, त्यात हात धरणाऱ्या त्याच मावशी. त्यांच्या टेपेपुढे सरांनी लिहिलं होतं: ‘होडी विकली त्या दिवशी घरात काय झालं?’ मी तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला आणि सरांसारखी थांबले. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, ‘काय व्हनार? होडी नेली. मंग चार खलाशी व्हते, त्यांना जेवायला वाढलं. सोड्यांचं कालवण व्हतं.’ त्यानंतर त्यांनी प्रत्येक खलाशाचं नाव सांगितलं, कोण किती भाकऱ्या खायचा तेही. फिल्म तिथे संपते.

तुम्ही ऐरोलीला आहात म्हणजे मला जवळच. माझ्याकडे चालू स्थितीतला मिनी-डीव्ही डेक आहे, जुना लॅपटॉप आहे आणि फायरवायरच्या दोन केबल आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत या. बुरशीवाल्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधून आणा, आणि पहिल्या दिवशी दोनच टेपा. सरांची वही मिळाली तर तीही आणा.